आपल्या बाकावर

आई : दुसरी शाळा बघितलीय मी. बसनं जावं लागेल, पण तिथं ओळखीचं कुणी नाही.

हेरिन : मी नाही जाणार.

आई : अख्ख्या देगू शहराला कळलंय. काल आपल्या दुकानात एक गिऱ्हाईक बाई किमची चाखता चाखता म्हणाली, मुलगी शाळेत चक्कर येऊन पडली म्हणे, गोडधोड फार खात असेल.

हेरिन : मग तू काय म्हणालीस?

आई : म्हटलं, अशक्तपणा आहे.

हेरिन : अशक्तपणा. बरं.

आई : तो मनगटी पट्टा कशासाठी आणला मी? सुई नको, रक्त नको, साखरेचा आकडा आपला दिसतोय. कुणाला पत्ता लागला नसता.

हेरिन : त्याच आकड्याच्या भरवशावर इन्सुलिन टोचून घेतलं ना मी. पट्टा म्हणत होता, साखर चढलीय. शाळेतल्या नर्सनं रक्त तपासलं, तर साखर पार तळाला.

आई : टीव्हीवरच्या जाहिरातीत डॉक्टर सांगत होता गं.

हेरिन : त्यानं नुसता पांढरा कोट घातला होता, आई. आपले डॉक्टर काय म्हणाले? असल्या पट्ट्यावर इन्सुलिन ठरवायचं नाही, बोटच टोचायचं.

आई : मग टोच बाई. पण नर्सच्या खोलीत. तुझे वर्गाचे सरही तेच म्हणतात, मुलं घाबरतात.

हेरिन : पुन्हा लपूनच ना? इतके दिवस संडासात कडी लावून सुई घेतली. त्या दिवशी पडले तीही कडी लावूनच. माझी मैत्रीण दाराम दारावरून चढून आत उतरली म्हणून वाचले. आणि शुद्धीवर आल्यावर ती विचारते, मलासुद्धा का नाही सांगितलंस? काय सांगणार होते मी तिला?

आई : मग आता काय करणार तू?

हेरिन : आता सगळ्यांसमोर टोचणार. माझ्या बाकावर बसून. शाळा बदललीस, तर तिथल्या बाकावर.

आई : उद्या लग्नाचं बघताना लोक...

हेरिन : ज्याला थेंबभर रक्त बघवत नाही, तो मला नकोच आहे.

(आईचा फोन वाजतो.)

आई : हो सर, हेरिनची आईच बोलतेय. नाही, शाळा नाही बदलत. ... नाही, नर्सच्या खोलीतही नाही. ती आपल्या बाकावर बसेल आणि तिथंच सुई घेईल. ... ज्याला बघवत नाही त्यानं खिडकीबाहेर बघावं. ... पालक विचारतील? विचारू देत. त्यांना सांगा, मधुमेह आहे. ... हो सर. हाच शब्द सांगा.