तुपाच्या बेरीची चव

मिठाईच्या दुकानात छाया बाळाला कडेवर सावरत रांगेत उभी होती. पुढे हरसूलहून आलेल्या लहानूबाबा-अंबूबाईंचं फजच्या वड्या निवडणं काही संपेना. अंबूबाई दुकानदाराला सांगत होत्या,

"लेकीला डोहाळे लागलेत, भाऊ. पोटात अन्न ठरंना. तुपाच्या बेरीसारखी लागती, तीच फजची वडी आण म्हणती. मला आज चतुर्थी, हे चाखतील."

"घ्या बाबा, कॅरॅमल."

"कशी हाय वो?"

"गोड हाय."

"आता अक्रोड."

"हीबी गोड."

"ही चॉकलेटची."

"लय गोड."

"अवं, पन बेरीसारखी कंची?"

"पैलीच."

"मंग तवाच सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर म्होरल्या दोन कोनी दिल्या असत्या? घरची बेरी तर तू समदी लेकीलाच ठिवायची."

"...पैलीच बांधा, भाऊ, अर्धा किलो. अन् दोन वड्या येगळ्या, ह्यांना."