अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं

किर्गिझस्तानातल्या बातकेनच्या बाजारात आमचं दुकान पेटलं, त्या दुपारी मला कळलं की माझी बायको झुराकान आतच राहिली होती. दुलातच्या टोळीला तिने खंडणी नाकारली होती. तीन वर्षांनी, काल, राजधानी बिश्केकहून येऊन दोन महिने बाजारात व्यापारी बनून वावरलेल्या पोलिसांनी ती अख्खी टोळी पकडली. आज साक्ष द्यायला बाजार लोटला आहे. रांगेत माझ्यापुढे दोघी जर्दाळूवाल्या आहेत, म्हातारी बुरुलचा आणि तरणी सायकाल.

"आजी, ते व्यापारी पोलीस आहेत हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. सांगितला तो भाव मुकाट दिला. व्यापारी असं करतो होय?"

"माझ्याकडे तर जर्दाळू चाखलासुद्धा नाही मेल्याने!"

"दोन महिने सगळ्यांना ठाऊक होतं."

"मग दुलातला कसं नाही कळलं?"

"त्याला सांगणार कोण?"

"त्या पोलिसांचा साहेब काल छाती फुगवून म्हणत होता, आम्हाला कुणीच ओळखलं नाही."

"म्हणू दे बापड्याला. काम चोख केलंय त्याने."

"आता भीती नाही वाटत?"

"तीन वर्षं वाटली तेवढी पुरे. चल, आपल्याला बोलावलं."

आता माझी पाळी. दुलातवर खंडणीचा गुन्हा दाखल झाला आहे. आगीचा अजून व्हायचा आहे.