केरबानं हत्यारं वाटली

टाळ जरा खाली ठेवा आणि मंडळी, ऐका. आजचं आख्यान पुराणातलं नाही. पलीकडच्या खोऱ्यातलं आहे — आणि त्यात ज्याची अक्कल उघडी पडली, तो महाराज तुमच्यासमोर उभा आहे!

आधी प्रश्न. एका माणसानं जवळचं होतं नव्हतं ते देऊन टाकलं, हसत हसत. तर त्याच्या पाया पडावं, की त्याचा हात धरावा? बोला की! काय म्हणता आजोबा, पाया पडावं? वा! मीही तेच केलं. आणि एक माणूस हातचा घालवायची वेळ आणली.

केरबा सुतार त्याचं नाव. साठीचा. दार बसवलं, तर झुरळाला आत शिरायची पंचाईत, असा हात! वर्षापूर्वी बायको गेली, पारू. मग नजर अधू झाली, माप चुकायला लागलं, गिऱ्हाईक तुटलं. हळूहळू केरबा बोलायचाच थांबला. गाव म्हणालं, 'दुःख कुणाला नाही?' आणि आपापल्या कामाला लागलं. अहो, हसता काय? तुम्ही-आम्ही तेच म्हणतो. सोपं पडतं ना!

भाद्रपदात तिथं सप्ताह होता. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याच्या कीर्तनाला मी उभा. आणि केरबा आला — अंघोळ केलेली, धुतलेलं धोतर, चेहरा शांत. असा शांत चेहरा वर्षभरात कुणी पाहिला नव्हता. त्यानं मंडपात फडकं अंथरलं, त्यावर तीन पिढ्यांची हत्यारं मांडली. रंधा एकाला दिला, करवत दुसऱ्याला, पटाश्या तिसऱ्याला. लाकूड तासायचा आजोबाचा वाकस धाकट्या भावाला, बाळकूला.

मला काय — आयता दृष्टांत पायांनी चालत आला! मी माझ्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला. म्हटलं, 'वैराग्य बघा मंडळी! जिवंतपणी सुटलेला माणूस बघा!' गाव रांग लावून पाया पडलं. केरबानं प्रत्येकाला हात जोडले. मग पंगत बसली. मी दोनदा वाढून घेतलं, खोटं कशाला सांगू!

आता बाळकूची बायको, हौसा. ती सकाळपासून घरी पंगतीच्या भाकऱ्या थापत होती. बाळकू आला, वाकस फळीवर ठेवला. म्हणाला, "दादानं दिला. सगळीच हत्यारं वाटली. लई मोठं मन बघ."

हौसाचा हात परातीतच थांबला. का? ती सुताराची लेक, सुताराची सून. खंडेनवमीला सुताराच्या घरात हत्यारांची पूजा होते, आणि नवमी तोंडावर असताना सुतार हत्यार उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही. बापाचं लेकाला द्यायचं, तरी पूजा झाल्यावर. नवमीला उरले होते बारा दिवस!

"मग यंदा भावजी पूजा कशाची मांडणार?" तिनं विचारलं.

"ते आता देवमाणूस झाले. महाराजच म्हणाले."

बघा! अख्ख्या गावाला शहाणं करायला निघालेला मी, आणि कळलं कुणाला? पीठ माखलेल्या बाईला. नवमी बघायचीच नाही असं ठरवलेला सुतारच हत्यार वाटतो, हे हौसानं ताडलं. ती तशीच उठली आणि मागच्या आळीला धावली.

केरबा दारात बसला होता. अंगण झाडलेलं. पारूची लुगडी घड्या घालून गाठोड्यात बांधलेली. हौसा शेजारी टेकली. तिला भीती होती — आपण विचारलं आणि नसलेलं डोक्यात भरलं तर? मंडळी, नंतर डॉक्टरांनी सांगितलं, विचारल्यानं भरत नाही. उलट आतलं कोंडलेलं बाहेर येतं. पण तेव्हा तिला कोण सांगणार! तिनं जीव मुठीत धरून विचारलं.

"भावजी, रागावू नका. जीव द्यायचं मनात आलंय का तुमच्या?"

केरबानं पारूच्या गाठोड्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "लई थकलो गं हौसा."

"कधीचं ठरवलं होतं?"

"आजचंच."

हौसा ओरडली नाही. 'असं अभद्र बोलू नये' म्हणाली नाही. "मी इथंच हाय," एवढंच म्हणाली. "बोला तुम्ही." आणि केरबा बोलला, रडला, पुन्हा बोलला. वाटेनं जाणाऱ्या बाईकडून तिनं बाळकूला बोलावून घेतलं. त्यानं घरातलं जे जे धोक्याचं होतं ते गुपचूप हलवलं आणि भावाला खेटून बसला. मग हौसा माझ्याकडे आली.

मी जेवून लवंडलो होतो. तिनं सांगितलं, आणि मी — सवय वाईट हो! — उठून सुरू केलं, 'नरदेह किती दुर्लभ...'

"महाराज," ती म्हणाली, "ते मागनं. आधी गाडी काढा."

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाटभर तिनं दिराचा हात सोडला नाही. डॉक्टरबाईंनी त्याला ठेवून घेतलं. म्हणाल्या, "बाबा, हा आजार आहे. याला औषध आहे. वेळ लागेल, पण उतरतो."

चमत्कार झाला असं सांगून टाळ्या घेणार नाही. पुन्हा एकदा न्यावं लागलं. अजून काही सकाळी केरबाला उठवत नाही. हौसा रोज दारात जाऊन विचारते, "आज कसं?" आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलत नाही.

मी माफी मागायला गेलो. केरबा म्हणाला, "महाराज, तुम्ही हार घातला, गाव पाया पडलं. मला वाटलं, चला, गावानं निरोप दिला."

मंडळी, त्या ओसरीवर मी लेकरासारखा रडलो. निरोप दिला होता आम्ही! वाजवून, गाजवून!

या मंडपात तीनशे माणसं आहेत. त्यात एखाद्यानं आतून असंच सगळं आवरत आणलेलं असेल. बाबा, माझ्या माये, आज एका माणसाला सांग. सांगायला कुणी नसेल, तर फोनवर एक चार चार एक सहा लाव. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि बाकीच्यांनो, तुमच्या घरातलं कोण गप्प झालंय? कोण अचानक शांत झालंय? नाव आलं ना मनात? मग उद्यावर टाकू नका, सरळ विचारा, आणि उत्तर ऐकायला बसा.

आरती तुम्ही म्हणा. मी त्या पायरीवर जाऊन बसतो, शेवटचं माणूस जाईपर्यंत. ज्याला यायचं त्यानं यावं. उपदेश करणार नाही. ऐकेन.