सातव्या किल्ल्याची टोळी

पिराप्पा : 'घे गं काळे, घे गं माय, पोटचं न्हाई तर झालं काय…' इथवर येतंय बग. पुढचं येईनाच झालंय. थंडीच्या दिसांत माळावर आई मेंढीपाशी बसून म्हणायची, आन् मी बारका, घोंगड्यात पडून ऐकायचो. चाळीस वर्सं झाली. आवाज आजून कानात हाय, बोल तेवढे गेले.

योगीराज : अप्पा, हळू बोला. आत लोक बसलेत.

पिराप्पा : बसू दे की. मी काय चोरी करायलाव? मुडबीहून बशीत उभा राहून आलाव. तू आजीचा आवाज मोबाईलमधी भरून घेतला हुतास न्हवं, ती जायच्या आदी?

योगीराज : तो मोबाईल बिदरच्या स्टँडवर चोरीला गेला. सांगितलं होतं ना तुम्हाला.

पिराप्पा : मोबाईल गेला, ते ठावं हाय. पण भावकीतली रूपा म्हणाली, अण्णानं आजीचं गाणं कंपूटरात घातलंय, समद्या जगाला ऐकू जातंय. म्हणून तर तुला बिदरहून इथं बसवकल्याणला बोलीवलो. उद्या वरीस हाय तिचं. बीरप्पाच्या म्होरं तिची ओवी म्हणाय पायजे, आन् म्हणणारा मीच एकटा उरलाव. अर्धी म्हणून उठू का देवाम्होरून?

योगीराज : रूपाला काय कळतंय! असं करू, मी परत गेलो की शोधतो. बिदरला, नौबादच्या खोलीवर एका मित्राकडे असेल. बोल लिहून पाठवतो तुम्हाला.

पिराप्पा : वरीस उद्या हाय, लेका. तू कवा पाटवणार? पानं उठल्यावर?

धनराज : आयला, योग्या! दारात कामून उभा हाईस परक्यासारखा? ये की आत. आन् हे कोण, काका?

योगीराज : वडील.

पिराप्पा : मी पिराप्पा, मुडबीचा.

धनराज : या या, काका. मी धनराज, उद्धवराव आडत्याचा. हा नेट कॅफे आपलाच. बसा, ही खुर्ची घ्या, ती नक्को, ती डुगडुगती. काका, तुमचं पोरगं काय चीज हाय, ठावं हाय का तुम्हाला?

योगीराज : धनराज, आम्हाला घाई आहे रे.

पिराप्पा : आसू दे, बोलू दे त्याला. काय केलंय ह्यानं?

धनराज : केलंय म्हणजे? नाव काढलंय! एक गेम येणार हाय काका, दिवाळीला. नाव लांबलचक इंग्रजी हाय, आमी 'सात किल्ले' म्हणताव. राजा, तलवारी, जादू, असला खेळ. आपण आपला एक गडी घ्यायचा आन् जग फिरायचं. त्यात सात किल्ले, हरेक किल्ल्यावर एक दुष्टांची टोळी.

पिराप्पा : कंपूटरातच?

धनराज : कंपूटरातच. कंपनीनं सहा टोळ्या दाखीवल्या. एक राखेचे साधू, ते उभी रानं जाळतेत. एक आरसेवाले, माणसाचं तोंड चोरतेत. एक मिठाचे सरदार, ते ज्या गावात जातील तिथल्या विहिरी खारट…

पिराप्पा : आरं बापरे.

धनराज : पण सातवी टोळी दडवून ठिवली! ट्रेलरमधी नुसती एका डोंगराच्या कडेनं काळी माणसं जाताना दिसतेत, आन् ढोल वाजतो, दोनच सेकंद. झालं, समद्या जगाचं डोकं फिरलं. फोरमवर, म्हणजे नेटवरच्या चावडीवर, रोज भांडणं. कोण म्हणतंय मेलेल्या राणीचं सैन्य, कोण म्हणतंय लोहार. मीबी म्हणलो हुतो लोहार. पोरं हसली मला.

पिराप्पा : आन् ह्यानं काय म्हणला?

योगीराज : काही नाही अप्पा. उगाच. पोरांचा खेळ आहे तो.

धनराज : उगाच? काका, ह्याच्या अंदाजाला चार हजार माणसं हौ म्हणालीत. रशियातली, ब्राझीलमधली. तिथं ह्याचं नाव 'बहामनी'. 'बहामनी' काय म्हणतो, म्हणून थांबतेत लोक. मीच ओळख सांगून फिरतो, की बाबा ते आमच्या बिदरचं पोरगं हाय.

पिराप्पा : बहामनी? आन् योगीराजला काय झालं हुतं?

योगीराज : तिथं खरं नाव कुणीच देत नाही अप्पा.

पिराप्पा : बरं बरं. तर बाबा धनराज, मी आलाव ते एका गाण्यासाटी. ह्यानं एक गाणं घातलंय म्हणं कंपूटरात.

धनराज : हौ! तेच की! तेच तर सातव्या टोळीचं गाणं! थांबा, माझ्याकडं इथंच हाय. पोलंडच्या एका पोरानं त्याला ढोल लावलाय आन् लांडगे लावलेत. काय बनीवलंय! हे हेडफोन घाला.

योगीराज : धनराज, ते नको लावू.

धनराज : कामून रे? ऐकू दे की.

(पिराप्पा हेडफोन घालतो. योगीराज त्याच्या खुर्चीमागे उभा राहतो, समोर येत नाही.)

पिराप्पा : लांडगं वरडायलंय की रं!

धनराज : काका, हळू. तुम्हाला हेडफोन हाय, आमाला न्हाई.

पिराप्पा : मेंढराच्या गाण्यात लांडगं कामून घातलं? आई ऐकली आसती तर गोफण घेऊन उठली आसती. काय कळंना झालंय, नुसतं ढमढम. बोल ऐकू येईना.

धनराज : मग मूळचं लावू. ते योग्याच्या पोस्टवरच हाय. योग्या, उघड की.

योगीराज : पासवर्ड आठवत नाही.

धनराज : पासवर्ड कशाला लागतोय? ते समद्यांना दिसतंय. सरक. हे बघा काका, जरा गोल फिरंल, आपलं नेट म्हातारं हाय. आलं. ऐका.

पिराप्पा : …व्हय. व्हय, हीच. खोकलली बग, सुरुवातीला खोकायचीच ती. 'वास तुझा न्हाई त्याला, माझ्या हाताचा लाव…' हेच! हेच येत नव्हतं मला! 'भुकेल्याला पुसू नगं, तुझं कुठलं गाव…' आरं देवा. योग्या, ल्ही. ल्ही लवकर, कागुद घे. परत लाव बाबा, धनराज, परत लाव.

योगीराज : लिहितो.

पिराप्पा : समदं ल्ही. मला वाचाय येत न्हाई म्हणून एक ओळ खाऊ नगस.

धनराज : काका… हा आवाज कुणाचा हाय?

पिराप्पा : माझ्या आईचा. बाणूबाई. ह्याची आजी. ह्यानं सांगितला न्हाई व्हय तुला?

धनराज : …न्हाई.

पिराप्पा : आरं, मेंढी कवा कवा पिलाला घेत न्हाई. न्हाईतर एकादीचं पिलू मरतंय, दुसरीकडं एकादं पोरकं ऱ्हातंय. तवा त्या मेंढीला आन् त्या पिलाला एका घोंगड्याखाली घ्यायचं, पिलाच्या अंगाला आपला हात चोळायचा, मेंढीच्या तोंडाला लावायचा, आन् हे गात बसायचं. आई दोन दोन तास बसायची. मेंढी पान्हा सोडस्तोवर उठायची न्हाई. आमच्या मेंढरांच्या वाड्यात तिच्यावानी कुणालाच येत न्हवतं. ह्याची माय गेली तवा हा सहा म्हैन्यांचा हुता. शेळीचं दूध पाजलं, पण ऱ्हायाचा न्हाई. तवा हेच गाऊन झोपवायची. तर तुमच्या त्या खेळात ही टोळी काय करती?

धनराज : ते… काय न्हाई काका. असंच.

पिराप्पा : सांग की. साधू रान जाळतेत, ते सांगितलास फडाफडा. ही काय करती?

धनराज : योग्या, तूच सांग.

योगीराज : काळी घोंगडी पांघरून मेंढरं घेऊन फिरतात. गावाबाहेर उतरतात. त्यांच्यात एक म्हातारी असते. ती गायली की…

पिराप्पा : की?

योगीराज : की गावातल्या आया आपली लेकरं विसरतात.

पिराप्पा : …उलटं हाय की रं.

योगीराज : हो.

पिराप्पा : हे तूच लिवलास?

योगीराज : अंदाज होता अप्पा. काळी माणसं दिसली, ढोल ऐकू आला. मला आपलाच ढोल वाटला, बीरप्पाचा. ते एकदम मनात आलं. मग दुष्ट टोळी आहे म्हटल्यावर दुष्टच करावी लागली. लोकांना आवडलं. रोज विचारायला लागले, पुढं काय, पुढं काय. मग मी सांगतच गेलो.

पिराप्पा : बरं. खेळात चोर लागतो, साव लागतो. मला काय त्याचं वाईट न्हाई वाटत. लोक आदीपासनं म्हणतेतच, मेंढरं आली, दारं लावा. धनराज, ते खाली बारीक बारीक काय लिवलंय रं? समदं इंग्रजी हाय.

धनराज : लोकांनी लिवलंय काका, गाणं ऐकून.

पिराप्पा : वाच की. आईचं गाणं ऐकून परमुलखातली माणसं काय म्हणाली, आमालाबी कळू दे.

योगीराज : अप्पा, चला. पाच वाजता बस आहे.

पिराप्पा : बस काय पळून चाललीय? वाच बाबा तू.

धनराज : हा एक म्हणतोय, अंगावर काटा आला. ही एक बाई हाय, ती म्हणती, मला भाषा कळत न्हाई पण रडू आलं, ह्या दुष्ट कशा असतील?

पिराप्पा : शाणी हाय बाई. कुठली म्हणं?

धनराज : लिवलं न्हाई. हा एक म्हणतोय, चेटकीण वाटती… जाऊ दे त्याला. आन् हा विचारतोय, ही गाणारी म्हातारी कोण हाय, आन् तू हिला कुठनं… खाली योग्याचं उत्तर हाय…

पिराप्पा : काय उत्तर हाय? थांबलास कामून? वाच की.

धनराज : नेट गेलं काका.

पिराप्पा : आरं, समोर दिसायलंय की लिवलेलं.

धनराज : ते… बारीक अक्षर हाय. डोळे दुखतेत माझे. मी चहा सांगून येतो. काका, साखर चालती न्हवं? येतो मी. योग्या… बस तू. बस काकापाशी.

पिराप्पा : एवढं तोंडाळ पोरगं, एकदम कामून गप झालं?

योगीराज : काय माहीत.

पिराप्पा : तू नाव न्हाई सांगितलास, त्याचं त्याला वाईट वाटलं आसंल. दोस्त हाय न्हवं तुझा. आजीचा आवाज हाय, एवढं तरी सांगायचास.

योगीराज : हं.

पिराप्पा : इकडं बस. मागं नगं, इकडं. तुला एक सांगू का? तुला शाळेत घालायला आलो हुतो ना ह्याच गावात, तवा मी घोंगडं अंगावर घेऊन निगालो हुतो. स्टँडवर उतरलो आन् लाज वाटली. पानाच्या टपरीवर घोंगडं ठिवलो, टपरीवाल्या श्रीमंतचा अंगरखा मागून घातलो. मास्तरनी विचारलं, धंदा काय? शेती म्हणलो. तवा गुंठाभर रान न्हवतं आपल्याला. सत्तर मेंढरं हुती. आन् मी म्हणलो शेती.

योगीराज : हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

पिराप्पा : काय बोलायचं त्यात? घरी गेलो तर आई म्हणली, घोंगडं कुठं हाय? म्हणलो, बशीत राहिलं. परत येऊन टपरीवरनं आनायचंबी धाडस झालं न्हाई. थंडीभर पोत्याखाली निजलो. तर काय म्हणतो मी, तू बहामनी का काय नाव घेतलास, दोस्ताला सांगितला न्हाईस, मला समजतंय ते. तुला हॉस्टेलात, कॉलेजात काय काय ऐकावं लागत आसंल. जग लई मोटं हाय. त्या रशियावाल्याला काय करायचंय आपण कोण ते? आजीचं गाणं तर गेलं न्हवं तिकडं. ती बाई रडली न्हवं? बास झालं. मान वर कर.

योगीराज : अप्पा, तुमचं तसं नव्हतं.

पिराप्पा : तसंच हाय लेका. लाज ती लाजच.

योगीराज : न्हाई. तुमी घोंगडं ठिवलाव.

पिराप्पा : मग? तू काय ठिवलास?

योगीराज : हे गाणं घातलो तवा आजी होती. घरीच होती. माझ्या गळ्यात हात घालून विचारली हुती, कुणी ऐकलं का रं माझं गाणं? मी म्हणलो, अजून न्हाई ऐकलं कुणी. चारशे लोकांनी ऐकलं हुतं तवर. सांगितलो असतो तर ती म्हणली असती, काय म्हणाले, वाचून दाव.

पिराप्पा : रडू नगस. ल्हान पोरं बसलीत पलीकडं.

योगीराज : धनराजला नेट गेलेलं न्हाई, अप्पा.

पिराप्पा : ते कळलं मला. अडाणी हाय, आंधळा न्हाई. काय लिवलायस तिथं?

योगीराज : त्यानं इचारलं, ही म्हातारी कोण. मी लिवलो, गावाबाहेर उतरली हुती कुणीतरी, गात बसली हुती, म्हणून भरून घेतलो. त्यानं परत इचारलं, तुझ्या वळखीची हाय का.

पिराप्पा : मग?

योगीराज : मी लिवलो, न्हाई. आमच्या घरची न्हाई.