राक्षस वेशीवर आणि आई शेतात

तो हातात धरून खेळायचा जपानी गेम घेऊ का म्हणतोस? घे की! चित्रं गोड, गाणी गोड, मधे मधे शेती करायची ती पण गोड, गावातली माणसं तर लईच गोड. खोड एकच, आगीचे मंत्र मोजून पाच मिळतात.

परवा राक्षस गावाच्या वेशीवर आलेला. मी म्हटलं, आधी आंघोळ करून घेऊ. गेम आईच्या हातात दिला, “नुसता धरून बस गं.”

परत येऊन बघतो तर एकपण मंत्र शिल्लक नाय. राक्षसानं दोन मिनिटांत मला लोळवला.

“आई, मंत्र कुठं गेले?”

“तुझा तो वीर जमीन न भाजताच भात पेरत होता. मी त्या मंत्रांनी आधी रोपांच्या जागेचा राब भाजून घेतला.”

“अगं, दारात राक्षस उभा होता!”

“राक्षस काय, उद्या पण येईल. राब चुकला तर आख्खं साल जातं रं!”