पियानोतलं कुंकू

— नाही नाही, आधी प्लग काढ, धम्मरत्न, मंग झाकन उघड. त्या प्लेटीत दीडशे व्होल्ट राह्यते, बंद केल्यावरही जरा वेळ चावते ते. मले कसं मालूम? चाळीस वर्सं एक वस्तू घरात राह्यली का बाईले तिची नाडी कळतेच नं बाप्पा! आमचे हे, उकंडराव, डोनगावात बँड पार्टी होती त्याइची — बंबईच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आनला होता हा इलेक्ट्रिक पियानो, ट्रकात, गाद्याइवर झोपवून. नवरीही अशी कोनी आनत नाही. मले तं बैलगाडीत आनलं होतं.

लाइट लागते, आवाज येत नाही — हेच सांगून दुरुस्तीले बोलावलं नं तुले शेखरनं? माह्या पोराले घाई हाये. चार वाजता पुन्याचे एक साहेब येऊन राह्यले, जुन्या वस्तू जमा करतेत म्हने. वाजला तं नेतीन, नाही वाजला तं हात लावनार नाहीत, असं ठरलं. मले विचारलं? काऊन विचारतीन? मी याच्यावर फडकं मारनारी बाई.

हाव, ते लाल दिसते ते कुंकूच हाये. दसऱ्याले कोनी नांगराची पूजा करते, कोनी तराजूची, आमच्या घरी याची. चिमूटभर वाहावं लागते... मूठभर हाये म्हनतं? म्हातारपनी हात थरथरते रे. पडलं असन चिरीतून, बरोबर रीडच्या, त्या पोलादी जिभेच्या, आन प्लेटीच्या मधात — तेथंच तं चरचरते ते. फुंकू नको! थुंकीनं गंज धरते. ब्रश फिरव, नरम हातानं.

काय? तार? कोन्या अडान्यानं ओढून तोडली म्हनतं? ए बाबू, तोंड सांभाळ! ओढून कोनी तोडली नाही. कथील तापवून, पातळ झाल्यावर अलगद उचलली हाये, बाजूच्या तारेले चटकाही नाही लागला, पाह्य नं नीट —

बाप्पा. बोलली का मी?

बरं, ऐकलंच तं पुरं ऐक. आमच्या यायले वाजवता ये, दुरुस्ती नाही ये. सूर उतरला का वरून बुक्क्या मारत. लग्नसराईत हे गावोगाव, आन मी इथं झाकन उघडून. रीडच्या टोकावर कथलाचा थेंब हाये नं, तो कानसीनं जरासा घासला का सूर चढते, वाढवला का उतरते. हे परतले का वाजवत, आन साऱ्या गावाले सांगत — माहा पियानो आपोआप सुरात येते, दैवी वस्तू हाये! तीस वर्सं सांगतलं, डोळे मिटेपर्यंत. मीही म्हनलं, राहू द्या. दैवी तं दैवी.

आन दुपारी दार लावून वाजवते कोन, हे नाही विचारत तू? शेखर दुकानात, सून शाळेत शिकवाले. मंग मी आन हा. पुन्यात याले काचेत ठेवतीन रे. तेथं याचं कथील कोन घासन?

लाव ती तार एकदा. लाव म्हनलं! कुंकू निघालं का तं कळन. आता प्लग लाव. सरक... हे काळी दोन... हं... ऐकलं? वरचा धैवत जरासा उतरला हाये, उद्या पाह्यते त्याच्याकडं.

गाडी वाजली का? बाप्पा, चार वाजले नाहीत अजून! धम्मरत्न, प्लग काढ, मंग काढ ती तार. हाव, तू बुलढान्याहून आला, नाही जमलं म्हनाले तुले जड जाते, मले समजते. मंग सांग का याचा पार्ट आता मिळत नाही. खोटं थोडीच हाये? मिळतच नाही. हसू नको, कथील तापव. काढतं, का मी काढू? माहा हात काही थरथरत नाही.

...हं. प्लग लाव. आता दाब पट्टी. जोरात दाब.

आता कसं! लाइट लागते, आवाज येत नाही. जा, दार उघड साहेबाले.