अप्पांचं एक वाक्य

सिनेमावर तासन्‌तास बोलणारा मी एकदा नेमका गप्प बसलो, ते सांगतो.

आमच्या तंजावूरच्या राजवाड्यात एका सिनेमाचं शूटिंग होतं. मराठी दरबार दाखवायचा, म्हणून गल्लीतल्या मराठी घरांतून माणसं नेली. माझ्या वडिलांना, अप्पांना, एक वाक्य मिळालं: "महाराज, पानं वाढली आहेत." आठवडाभर घरात तेच चाललं होतं. आई रसम ढवळता ढवळता म्हणायची, "कळलं. महाराज येतील."

शूटिंगला दिग्दर्शकानं त्यांची पाठ थोपटली. परतताना अप्पा म्हणाले, "आपली इथली मराठी आता पडद्यावर राहील, बघ."

आवाज नंतर चेन्नईत दुसऱ्याचा घालतात, हे मला माहीत होतं. मी "हो अप्पा" म्हणालो.

सिनेमा लागला तेव्हा अप्पा राहिले नव्हते. पडद्यावर त्यांचे ओठ हलले आणि पुण्याकडच्या कुणा तरुणाचा खणखणीत आवाज आला. आईनं माझा हात धरला.

"हे कोण बोलतंय रे?"

"डबिंग आहे, आई."

"त्यांना ठाऊक होतं?"



आता तो सिनेमा अधूनमधून टीव्हीवर लागतो. तो प्रसंग आला की आई आवाज बंद करते आणि अप्पांचं वाक्य स्वतः म्हणते, त्यांच्यासारखाच शेवट लांबवून. पहिल्यांदा ओठांशी जुळलं नव्हतं. आता जुळतं.